चिंदी, तेल आणि थ्री नॉट थ्री

एनसीसीत असलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाला परेड आठवते, कॅम्प आठवतो, परेडनंतर मिळणारं केळं आणि सामोसा तर आठवतोच. मेळाव्याच्या तयारीच्या बैठकांत जुन्या गोष्टी निघाल्या तेव्हा एक गंमत लक्षात आली. रायफल झाडल्याची आठवण फार थोडी आहे. ज्युनियर डिव्हिजनच्या पोरांना पॉइंट टू टूच्या मोजक्या गोळ्या मिळायच्या आणि त्यांतल्या किती टार्गेटला लागल्या हे आता कुणी विचारू नये. रायफल पुसल्याचे तास मात्र सगळ्यांच्या लक्षात आहेत. कोतमधून रायफल काढायची, पुसायची, परेड करायची, परत पुसायची आणि जमा करायची. ज्या थ्री नॉट थ्रीवर ‘डी.पी.’ म्हणजे ड्रिल पर्पज असा छाप होता, जिच्यातून गोळी सुटण्याची शक्यताच नव्हती, तीसुद्धा तितक्याच निष्ठेनं पुसायची.

उस्ताद हुकूम देत, कारण देत नसत. त्या वयात आपणही विचारलं नाही. पुढे इतिहास शिकवायची वेळ माझ्यावर आली, तेव्हा हळूहळू कळत गेलं की त्या चिंदीमागे आणि तेलाच्या त्या इवल्याशा पितळी बाटलीमागे शंभरावर वर्षांचा अनुभव आहे, आणि त्याचं एक टोक थेट 1857 पर्यंत पोचतं.

शाळेत आपण 1857 चं कारण एका ओळीत पाठ केलं: काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावली होती. ती मुळात लावायचीच कशाला, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही. त्याचं उत्तर नळीच्या सफाईत आहे. 1853 च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल तोंडाकडून भरायची होती. काळी दारू जळली की निम्म्याहून अधिक भाग धूर आणि काजळीच्या रूपानं मागं उरतो. काही बार झाले की नळीत त्याचा कठीण थर बसतो. जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीत गोळी सैल बसायची, त्यामुळे थोडा मळ चालून जाई. एन्फिल्डच्या नळीत आटे होते, गोळी बेताची बसायची. मळ साचला की पुढची गोळी गजानं ठोकूनही खाली जाईना. म्हणून कागदी काडतुसाच्या गोळीकडच्या टोकाला वंगण. गोळी घसरत खाली जावी आणि जाता जाता काजळी मऊ पडावी, एवढाच त्याचा हेतू. शिपायानं ते काडतूस दातानं फाडायचं, दारू नळीत ओतायची आणि गोळी वरून सारायची.

वंगणात चरबी होती आणि ती कुठल्या जनावराची याची कंपनी सरकारनं नीट खातरजमा केली नव्हती. जानेवारी 1857 मध्ये डमडमला कुजबुज सुरू झाली. त्याच महिन्यात सरकारनं शिपायांना स्वतःच्या पसंतीचं मेण-तेल वापरायची मुभा दिली, पण तोवर संशय काडतुसाच्या कागदावर गेला होता. तो कागद चकाकतो म्हणजे त्यातही चरबी असणार. 29 मार्चला बराकपूरला मंगल पांडे, 24 एप्रिलला मेरठला 85 स्वारांचा नकार आणि 10 मे हे आपल्याला माहीत आहे. त्या 85 जणांपुढं ठेवलेली काडतुसं जुन्याच, रोजच्या वापरातल्या पद्धतीची होती हे मात्र पाठ्यपुस्तकात आढळत नाही. उठावाची कारणं खोल होती, जमिनीची, राज्यांची, पगाराची, मानाची. पण ठिणगी जिथं पडली ते वंगण म्हणजे नळी स्वच्छ ठेवण्याचा एक तांत्रिक उपाय होता. ज्यांना तो वापरायचा होता त्यांना विश्वासात घ्यावं, हे कुणाला सुचलं नाही.

उठावानंतर इंग्रजांनी जो धडा घेतला तोही बंदुकीतूनच दिसतो. हिंदी शिपायांना आतून गुळगुळीत केलेल्या एन्फिल्ड दिल्या. पुढंही गोऱ्या पलटणींच्या हाती नवं हत्यार आणि हिंदी पलटणींच्या हाती मागच्या पिढीचं, अशी पद्धत बरीच वर्षं चालली. 1914 मध्ये हिंदी सैन्य फ्रान्समध्ये मार्सेलला उतरलं तेव्हा त्यांच्या रायफली तिथं बदलून द्याव्या लागल्या, कारण नव्या टोकदार गोळीच्या ‘मार्क सात’ काडतुसाला जुळणाऱ्या रायफली त्यांच्याकडे नव्हत्या.

आता आपल्या थ्री नॉट थ्रीकडे येऊ. नाव ली-एन्फिल्ड. ‘ली’ म्हणजे स्कॉटलंडमध्ये जन्मलेला आणि पुढं कॅनडा-अमेरिकेत गेलेला जेम्स पॅरिस ली; बोल्ट आणि मॅगझिन त्याच्या कल्पनेतून आलं. एन्फिल्ड हे लंडनच्या उत्तरेचं गाव, तिथं सरकारी कारखाना. ‘थ्री नॉट थ्री’ म्हणजे नळीचा व्यास .303 इंच, आपल्या मापात 7.7 मिलिमीटर. 1888 साली ही जात सुरू झाली तेव्हा तिचं नाव ली-मेटफर्ड होतं आणि काडतुसात अजून काळी दारूच होती. विल्यम मेटफर्डनं नळीतले आटे मुद्दाम उथळ आणि गोलसर ठेवले होते, काजळी अडकू नये म्हणून. म्हणजे सफाईची सोय लक्षात घेऊनच ती नळी आखली होती. मग बिनधुराची कॉर्डाइट दारू आली. काजळी गेली, पण कॉर्डाइट इतकी कडक जळायची की मेटफर्डचे उथळ आटे झिजून जायला लागले. शेवटी एन्फिल्डच्या कारखान्यानं पाच खोल आट्यांची नळी बनवली आणि 1895 पासून रायफलीचं नाव ली-एन्फिल्ड झालं. आपण खांद्यावर घेतली ती तिची आखूड आवृत्ती. 1907 चा ‘मार्क तीन’ हा तिचा सर्वांत प्रसिद्ध नमुना. वजन सुमारे चार किलो, आणि आठवीतल्या मुलाच्या खांद्यावर ते किती व्हायचं हे मी सांगायला नको.

बिनधुराची दारू आली म्हणजे सफाईचा त्रास संपला, असं वाटेल. उलट तो जास्त फसवा झाला. काळ्या दारूचा मळ डोळ्यांना दिसे. नव्या काडतुसाच्या बुडाशी जी टोपी असते, जिच्यावर पिन आदळते, तिच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळलं की पोटॅशियम क्लोराइड उरतं, आणि ते मिठाचं सख्खं भावंडं आहे. नळीच्या आत त्याचा न दिसणारा पातळ थर बसतो. मीठ पावसाळ्यात कसं पाझरतं हे आपल्या गावच्या माणसाला शिकवायला नको. कोकणातल्या स्वयंपाकघरात मिठाची बरणी आषाढात पाहावी. हवेतला दमटपणा ओढून घेऊन ते मीठ नळीतच पाणी धरून बसतं. संध्याकाळी लखलखीत दिसणारी नळी दोन दिवसांत तांबूस आणि महिन्याभरात खड्डे पडलेली.

यातली खरी मेख अशी की तेलानं हे मीठ जात नाही. मीठ तेलात विरघळत नाही. तेल वर राहतं आणि गंज खाली वाढतो. मीठ पाण्यात विरघळतं, म्हणून फौजेचा नियम होता की गोळीबार झाल्यावर नळीत चांगलं दोन-तीन लिटर उकळतं पाणी ओतायचं. त्यासाठी वाकड्या चोचीचं खास नरसाळं मिळे. ते मागच्या बाजूनं नळीच्या तोंडाशी बसवायचं. पाणी उकळतंच हवं, त्याला कारण आहे. मीठ तर विरघळतंच, शिवाय सगळी नळी इतकी तापते की आतलं पाणी आपोआप उडून जातं. कोमट पाणी ओतलं तर ओल मागं राहते आणि काम बिघडतं. त्यानंतर कोरडी चिंदी, आणि नळी गार झाली की तेलाची चिंदी. पुढच्या काही दिवसांत नळीला पुन्हा ‘घाम’ येतो का ते पाहून पुन्हा पुसायची. पाणी मिळत नसेल तिथं नळी काही दिवस रोज घासून घ्यावी लागे.

ही थ्री नॉट थ्रीची काडतुसं आपल्या खडकीच्या कारखान्यातही बनत. पुण्याजवळचा हा दारूगोळा कारखाना 1869 चा. काडतुसाच्या बुडावर ‘के.एफ.’, म्हणजे खडकी फॅक्टरीची इंग्रजी आद्याक्षरं, आणि सालाचे आकडे कोरलेले असत. कॅम्पच्या फायरिंग रेंजवर रिकामी पितळी नळकांडी मोजून परत करावी लागायची तेव्हा ती अक्षरं पुष्कळांनी पाहिली असतील. एक कमी भरलं तर सगळी तुकडी गवतात वाकून शोधत असे.

पितळी तेलबाटली आणि फुलथ्रू ठेवायला बटात कप्पा असायचा. बटाच्या बुडाशी पितळी झाकण उघडायचं, आत हे दोन जिन्नस. फुलथ्रू म्हणजे इंग्रजी पुल-थ्रूचं पलटणीतलं रूप: एका टोकाला पितळी वजन असलेली दोरी, दुसऱ्या टोकाकडे तीन फासे. एक तारेच्या जाळीसाठी, एक चिंदीसाठी आणि एक दोरी मध्येच अडकली तर उलटी ओढून काढायला. चिंदीचं मापही ठरलेलं, सफाईला चार इंच बाय दोन इंच, तेलाला चार बाय दीड. मोठी घेतली तर नळीत अडकणार, लहान घेतली तर आट्यांच्या तळाला पोचणार नाही. वजन मागच्या बाजूनं आत सोडायचं आणि पुढून एका दमात ओढायचं. मागून पुढे, गोळी जाते त्याच दिशेनं.

सरळ ओढा, असं उस्ताद ओरडत. आपल्याला तो शिस्तीचा भाग वाटायचा. खरं कारण फार वेगळं आहे. दोरी तिरकी ओढली की ती नळीच्या तोंडाच्या कडेला घासते. दोरीनं पोलाद काय झिजणार, असं वाटेल. पण विहिरीच्या काठावरच्या दगडाला पडलेल्या खाचा आपण पाहिल्या आहेत. दोरीला धूळ चिकटलेली असते, आणि रोज, वर्षानुवर्षं, त्याच बाजूला ओढत राहिलं की तोंडाशी खाच पडते. गोळी नळीतून सुटताना शेवटचा स्पर्श तिथंच होतो. तिथं एका बाजूनं वायू आधी निसटला की गोळी वाकडी जाते. या झिजेला फौजेत वेगळं नाव होतं आणि ती मोजायला मापकही होतं. म्हणजे हेळसांड झालेल्या रायफली जशा बाद होत, तशा अतिकाळजी घेतलेल्याही होत. तारेच्या जाळीचंही तसंच. ती रोज वापरायची नाही, गंज हट्टी असेल तेव्हाच, आणि शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याच्या सांगण्यावरून.

‘जाँच शस्त्र’ झालं की उस्ताद तोंडाकडून नळीत डोकावायचे आणि आपण मागं अंगठ्याचं नख धरायचं, उजेड परतून आत पडावा म्हणून. त्यांना काय दिसायचं कुणास ठाऊक, पण ‘जाला है’ एवढं ते नक्की म्हणायचे.

बोल्टची गोष्ट थोडक्यात सांगतो. वीस रायफली एकदम उघडून बसलं की वीस बोल्ट सतरंजीवर पडतात आणि दिसायला सगळे सारखे. ते सारखे नसतात. बोल्टच्या मुठीच्या मुळाशी जो आकडा कोरलेला असतो तोच रायफलीच्या अंगावर असायला हवा. कारखान्यात प्रत्येक बोल्ट त्या त्या रायफलीला घासून बसवलेला असतो, काडतुसाच्या बुडाशी किती जागा राहील ते त्यावर ठरतं. बदललेला बोल्ट बसतो, चालतोही, आणि गोळीबाराच्या वेळी काडतूस फुटून तोंडावर येऊ शकतं. आकडा जुळवायला लावून उस्ताद आपला वेळ खात नव्हते.

लाकडाला कच्चं जवसाचं तेल. सुतार वापरतात ते उकळलेलं बेलतेल नव्हे, आणि व्हार्निश तर मुळीच नाही. कच्चं तेल सावकाश आत मुरतं. हातानं चोळायचं, हाताच्या उष्णतेनं ते जिरतं. व्हार्निशचा थर वरवर बसतो, एक ओरखडा पडला की तिथून पाणी शिरतं आणि लाकूड फुगतं. ली-एन्फिल्डमध्ये नळी लाकडात ठरावीक जागी टेकलेली असते. लाकूड फुगलं किंवा आटलं की नळीवर दाब येतो आणि नेम सरकतो. इशापूरच्या कारखान्यानं पुढच्या लाकडात एक आडवा स्क्रू घालायला सुरुवात केली, ते लाकूड चिरू नये म्हणून. अशा रायफली त्या स्क्रूवरून आजही ओळखता येतात.

इशापूर हुगळीच्या काठी, बराकपूरपासून थोड्याच अंतरावर. ज्या परिसरात एन्फिल्डच्या काडतुसावरून पहिली गोळी झाडली गेली, तिथंच 1904 साली रायफल कारखाना उभा राहिला आणि एन्फिल्डच्याच रायफली बनवू लागला. योगायोगच, पण इतिहासाच्या शिक्षकाला तो सोडवत नाही.

सगळीकडे तेल हाच उपाय असंही नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. साताऱ्या-रत्नागिरीची, आपल्याकडची माणसं. वाळूच्या मुलखात तेलकट रायफल म्हणजे वाळूला आमंत्रण. तेल आणि वाळू मिळून पॉलिश कागदासारखा लेप तयार होतो. तिथं हलत्या भागांवरचं तेल पुसून काढायचं आणि बोल्टवर कापडी गवसणी घालायची, अशी रीत. फ्रान्सच्या चिखलातही तीच गवसणी. डिसेंबर 1915 पासून कूतला वेढ्यात अडकलेली ही माणसं 29 एप्रिल 1916 ला शरण गेली आणि त्यांतली पुष्कळ कैदेत मेली. आपल्या तालुक्यातल्या जुन्या घरांतून अजून कुठं कुठं त्या लढाईचं पदक निघतं; घरच्यांना ते ‘बसऱ्याचं’ एवढंच माहीत असतं.

1948 च्या कायद्यानं एनसीसी सुरू झाली तेव्हा तिच्या हाती याच रायफली आल्या. 1962 मध्ये हिमालयात आपले जवान थ्री नॉट थ्री घेऊनच लढले. त्या युद्धानंतर इशापूरनं त्याच बांध्याची, पण अधिक मजबूत पोलादाची आणि 7.62 मिलिमीटरची बारा गोळ्यांची रायफल काढली. फौजेत तोवर स्वयंभरणी रायफली येऊ लागल्या, तरी पोलिसांत थ्री नॉट थ्री टिकून राहिली. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हाती होती तीही हीच जात, समोर एके-47. त्या रात्रीनंतर थ्री नॉट थ्रीची पुष्कळ थट्टा झाली. मला ती पटत नाही. दोष शंभर वर्षांच्या रायफलीचा नव्हता. ती तितकी वर्षं बदलली गेली नाही आणि शिपायाला वर्षाला पुरेशा गोळ्या झाडायला मिळाल्या नाहीत, तिथं दोष होता. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर 2020 च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात तिला रीतसर निरोप दिला.

आता घरोघरच्या जुन्या हत्यारांबद्दल, कारण मेळाव्याच्या निमित्तानं दोघा-तिघांनी विचारलं आहे. कोकणात शेतराखणीसाठी ठासणीच्या बंदुका पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि कुणाच्या आजोबा-पणजोबांनी पलटणीतून आणलेलं काही माळ्यावर असतं. पहिली गोष्ट, ती भरलेली आहे असं समजूनच हात लावायचा. ठासणीची बंदूक वर्षानुवर्षं भरलेली राहू शकते आणि वरून काही कळत नाही. काळी दारू कोरडी राहिली तर जुनी म्हणून निकामी होत नाही. दुसरी गोष्ट, परवाना. 1959 च्या शस्त्र कायद्यात जुनाट आणि निकामी हत्यारांना सूट आहे, पण आपलं हत्यार त्यात बसतं का हे आपण ठरवायचं नसतं. आधी पोलीस ठाण्यात जावं.

हे झाल्यावर मग सफाई. इथंच सर्वांत जास्त नासाडी होते. पॉलिश कागद, विटकर, चिंच, ग्राइंडरचं चाक, जे मिळेल ते लावून लोक हत्यार चांदीसारखं चकचकीत करतात. असं केलं की त्याच्यावरची अक्षरं जातात. इशापूरच्या थ्री नॉट थ्रीवर बटाच्या मानेशी उजव्या बाजूला छाप असतो. 1947 पूर्वीच्या रायफलीवर मुकुट, खाली बादशहाची आद्याक्षरं ‘जी.आर.आय.’, मग इशापूर आणि साल. प्रजासत्ताकानंतरच्या रायफलीवर त्याच जागी अशोकस्तंभाचे सिंह आणि ‘आर.एफ.आय.’. तोच कारखाना, तीच यंत्रं, बहुधा कारागीरही तेच. या दोन छापांच्या मध्ये काय घडलं ते आपण पुस्तकातून शिकलो. तिथं ते पोलादावर आहे आणि दोन मिनिटांच्या घासण्यानं ते पुसलं जातं. काळपट-तपकिरी झालेला जुना रंग हा मळ नव्हे, त्याला राहू द्यावं. लाल, भुकटी होणारा गंज तेवढा तेलात भिजवून, मऊ कापडानं, फार तर अगदी बारीक पोलादी लोकरीनं सावकाश काढावा. चामड्याच्या म्यानात किंवा पिशवीत हत्यार ठेवू नये. चामडं ओल धरतं आणि त्यातली आम्लं धातूला खातात. जूनच्या आधी एकदा आणि दसऱ्याला एकदा तेलाचा हात फिरवावा. दसऱ्याला ते आपण तसंही बाहेर काढतोच. फक्त हळद-कुंकू धातूवर वाहू नये, कागदावर वाहावं, ओलं कुंकू जिथं बसतं तिथं वर्षभरात डाग उठतो.